लिझी बोर्डेन: घरात तीच होती, तरी सुटली कशी?

नागपुरातच एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘१८९२ साली अमेरिकेत लिझी बोर्डेनचे वडील आणि सावत्र आई भरदिवसा घरातच कुऱ्हाडीने मारले गेले. घरात ती आणि मोलकरीण एवढ्या दोघीच होत्या. आदल्या दिवशी तिने दुकानात विष मागितलं, नंतर एक ड्रेस चुलीत जाळला, जबाब दर वेळी बदलला. तरी ज्यूरीने तासा-दीड तासात तिला निर्दोष सोडलं. हे झालं कसं? आपल्याकडे असती तर शिक्षा झाली असती ना? आणि तुमच्या मते तिनेच केलं का?’

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणि खंडपीठात फौजदारी वकिली करतो, आणि त्यातलं बहुतेक काम बचावाचं असतं. त्यामुळे माझा कल कुठे असणार हे वाचतानाच लक्षात घ्या. तरीही या खटल्याच्या नोंदी मी सरकारी वकिलाच्या खुर्चीत बसल्यासारख्या वाचून पाहिल्या आहेत. माझं मत असं की हा खटला जून १८९३ मध्ये कोर्टात गेला तेव्हा जवळजवळ हरलेलाच होता. तो हातचा गेला ४ ऑगस्ट १८९२ च्या दुपारी, त्या घरात, पंचनामा व्हायच्या वेळी. ज्यूरी, वकिलांची भाषणं, आरोपी बाई असणं, या सगळ्याचा परिणाम झालाच, पण त्यानंतर.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. खून कुणी केला, पुरावा काय होता, आणि त्यातला किती पुरावा ज्यूरीसमोर आला. कोर्टाने उत्तर दिलं ते फक्त शेवटच्या प्रश्नापुरतं. लोक मात्र त्यातून पहिल्याचं उत्तर काढतात, मग कोणी म्हणतं ‘सुटली म्हणजे निष्पाप होती’ आणि कोणी म्हणतं ‘पैसेवाल्याची पोरगी, सुटणारच’.

आधी घर समजून घ्या, कारण सगळा खटला त्या घराच्या रचनेवर उभा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं फॉल रिव्हर हे कापड गिरण्यांचं गाव. ॲण्ड्र्यू बोर्डेन तिथला धनिक, बँका आणि मालमत्तांचा माणूस, वय सत्तरीला टेकलेलं. पण राहायचा सेकंड स्ट्रीटवरच्या एका अरुंद घरात. या घराला वरच्या मजल्यावर बोळ नव्हता, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं. पुढच्या जिन्याने वर गेलं की लिझीची खोली आणि पाहुण्यांची खोली. मागच्या जिन्याने गेलं की आईवडिलांची खोली आणि त्यावर मोलकरणीचा माळा. लिझीची खोली आणि आईवडिलांची खोली यांच्यामधलं दार बंद ठेवलेलं असे. म्हणजे पुढच्या भागातून मागच्या भागात जायचं तर खाली उतरून, घर ओलांडून, दुसऱ्या जिन्याने चढावं लागायचं. एकाच छपराखाली दोन घरं असल्यासारखं. कुटुंबातलं नातंही तसंच होतं. ॲबी ही सावत्र आई. १८८७ मध्ये ॲण्ड्र्यूने तिच्या माहेरच्या नात्यासाठी एका घरातला हिस्सा घेऊन दिला, तेव्हापासून लिझी तिला ‘आई’ म्हणायची थांबली, ‘मिसेस बोर्डेन’ म्हणू लागली.

आता त्या गुरुवारची वेळ जुळवू. थोरली बहीण एमा परगावी, फेअरहेवनला गेलेली. लिझीचा मामा जॉन मोर्स आदल्या दिवशी मुक्कामाला आलेला, तो सकाळी पावणेनऊच्या सुमाराला गावातल्या दुसऱ्या नातेवाइकांकडे निघून गेला. ॲण्ड्र्यू नऊच्या आसपास कामाला बाहेर पडला. ॲबी पाहुण्यांच्या खोलीतला बिछाना आवरायला वर गेली. ब्रिजेट सलिव्हन ही आयरिश मोलकरीण बाहेरून खिडक्या धुवायला लागली. यानंतर नऊ ते साडेदहाच्या दरम्यान केव्हा तरी ॲबीवर १८-१९ घाव पडले. पावणेअकराच्या सुमाराला ॲण्ड्र्यू परतला. दार आतून इतकं बंद होतं की ब्रिजेटला येऊन उघडावं लागलं. कुलपाशी झटताना तिला जिन्याच्या वरून लिझीचं हसणं ऐकू आलं, असं तिने साक्षीत सांगितलं. ॲण्ड्र्यू दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आडवा झाला. ब्रिजेट अकराला पाच कमी असताना माळ्यावर पडायला गेली. अकरा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला खालून लिझीची हाक आली: लवकर ये, बाबांना कुणीतरी येऊन मारलं. ॲण्ड्र्यूवर १०-११ घाव होते. पुढे मुलांच्या तोंडी बसलेल्या बडबडगीतात चाळीस आणि एकेचाळीस घाव आहेत. तो आकडा विसरा.

सरकार पक्षाचा खरा हुकमी मुद्दा इथे आहे, आणि तो ड्रेस किंवा विष यांहून कितीतरी भक्कम आहे. दोन खुनांमध्ये सुमारे दीड तासाचं अंतर होतं. ॲबीचं रक्त गोठून काळं पडलेलं, ॲण्ड्र्यूचं ताजं वाहतं. हार्वर्डचे प्रोफेसर वुड यांनी दोघांच्या जठरातल्या अन्नाच्या पचनावरूनही हाच क्रम सांगितला. बाहेरचा कोणी असेल तर तो घरात शिरला, ॲबीला मारलं, मग हातात रक्ताळलेली कुऱ्हाड घेऊन दीड तास त्या छोट्याशा घरात दबा धरून बसला, दोन बायका येता-जाता असताना कुणाच्या नजरेस पडला नाही, ॲण्ड्र्यूला मारलं आणि भर रस्त्यावरून निघून गेला. हे गळी उतरत नाही. शिवाय ॲबीचं प्रेत पलंगापलीकडे जमिनीवर होतं, जिना चढताना डोळे मजल्याच्या पातळीला आले की पलंगाखालून दिसायचं. लिझी त्या सकाळी त्याच जिन्यावरून आली-गेली असणार. ॲबी कुठे आहे असं विचारल्यावर ती म्हणाली, कुणी आजारी असल्याची चिठ्ठी आली, ती बाहेर गेली. ती चिठ्ठी कधी सापडली नाही, लिहिणारा कधी पुढे आला नाही, आणणारा मुलगाही नाही. गावात पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत झालेलं असताना.

वारसाहक्काचीही किनार आहे. ॲण्ड्र्यूचं मृत्युपत्र सापडलं नाही, आणि मालमत्ता त्या काळच्या हिशेबाने तीन लाख डॉलरच्या घरात होती. ॲबी आधी मेली म्हणून तिचे माहेरचे वारस बाजूला पडले आणि सगळं दोन्ही मुलींकडे आलं. आपल्याकडे जमिनीच्या भांडणातले खून पाहिलेल्या कुणालाही या क्रमाचं वजन सांगायला नको.

एवढं ऐकलं की कोणीही म्हणेल, मग अडलं कुठे?

अडलं त्याच दुपारी. फॉल रिव्हरच्या पोलिसांतले पुष्कळ जण त्या दिवशी वार्षिक सहलीला रॉकी पॉइंटला गेलेले. पहिला शिपाई आला, त्याने प्रेत पाहिलं, रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाला बाजूच्या दाराशी उभं केलं आणि स्वतः ठाण्याला कळवायला परत गेला. त्यानंतर घरात डॉक्टर, शेजारी, मैत्रिणी, पोलीस, सगळे फिरत राहिले. ॲबीचं प्रेत तर पोलिसांना सापडलंच नाही, ते ब्रिजेट आणि शेजारच्या मिसेस चर्चिल यांनी वर जाऊन पाहिलं. त्या दिवशी लिझीच्या अंगावरचे कपडे कुणी ताब्यात घेतले नाहीत. तिची खोली पाहिली ती वरवर. कसून झडती शनिवारी झाली. शनिवारी संध्याकाळी महापौर स्वतः येऊन तिला सांगून गेले की संशय तुमच्यावर आहे. आणि रविवारी सकाळी तिने मैत्रीण ॲलिस रसेल हिच्या देखत एक ड्रेस चुलीत घातला.

आरोपीला संशयाची बातमी देऊन घर त्याच्याच ताब्यात ठेवायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी कपडे जळाले म्हणून तक्रार करायची, असा तपास कुठल्याही काळात टिकत नाही. ज्या ड्रेसवर रक्त होतं असं म्हणायचं, तो ड्रेस गुरुवारीच पंचांसमक्ष जप्त व्हायला हवा होता. तो झाला नाही म्हणून बचाव पक्षाला म्हणता आलं की ड्रेसला रंगाचे डाग होते. शिंपिणीने येऊन सांगितलं की मे महिन्यात खरंच रंग लागला होता. एमाने सांगितलं, मीच जाळायला सांगितलं. यातलं काही खोटं पाडायला सरकारकडे कापडाचा एक धागाही उरला नव्हता. रक्ताबद्दल जे हाती लागलं ते एवढंच: तिच्या एका पांढऱ्या परकरावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. खुनानंतर दहा-पंधरा मिनिटांत जी बाई लोकांसमोर उभी आहे, तिच्या केसांवर, हातांवर, चेहऱ्यावर कुणालाही रक्त दिसलं नाही.

आता कुऱ्हाड. तळघरात पोलिसांना कुऱ्हाडी सापडल्या. त्यातल्या एकीवर केस होते. ते प्रोफेसर वुड यांनी गाईचे ठरवले. मग भर आला दुसऱ्या एका छोट्या कुऱ्हाडीच्या पात्यावर, जिचा दांडा मोडून गेलेला होता आणि पात्यावर राखेसारखा पांढुरका थर होता. पात्याची धार सुमारे साडेतीन इंच, कवटीवरच्या घावांशी जुळणारी. सरकारचा सिद्धांत सरळ होता: पातं धुतलं, रक्त मुरलेला दांडा मोडून जाळला, पात्याला राख फासली. पण वुड यांना त्यावर रक्त मिळालं नाही. आणि उलटतपासणीत पोलिसांपैकी मुलाली म्हणाला की त्याच पेटीत दांड्याचा तुकडाही होता, तो दुसरे पोलीस अधिकारी फ्लीट यांनी काढून पाहिला आणि परत ठेवला. फ्लीट यांना पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. ते म्हणाले, असा तुकडा नव्हताच. सरकारी वकील नोल्टन यांनाही हे त्या क्षणी पहिल्यांदाच कळत होतं.

हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर आमच्याच कोर्टातला एक प्रसंग येतो. गडचिरोलीकडच्या नव्हे, इथल्याच ग्रामीण भागातल्या खुनाचा खटला होता, कुऱ्हाड मुद्देमालात होती. लाखेचं सील तोडून पुडकं उघडलं, पातं पंचाच्या हातात दिलं. सरकारी वकिलांनी विचारलं, हीच का ती? तो म्हणाला, ‘मले सही करा म्हणलं, म्या केली. कुऱ्हाड त मी आजच पायतो.’ पंचनाम्यावर सही खरी, माणूस खरा, सहीमागे पाहणं नाही. तपास अधिकाऱ्याला पुढे कितीही विचारलं तरी ती जप्ती पुन्हा उभी राहिली नाही. हत्याराबद्दल पोलिसांच्याच दोन माणसांचं जमत नाही हे एकदा कोर्टासमोर आलं की बाकीच्या प्रत्येक पंचनाम्याकडे त्याच नजरेने पाहिलं जातं. लिझीचा खटला चालला त्या न्यू बेडफर्डच्या कोर्टात मुलाली आणि फ्लीट यांनी नेमकं हेच केलं. त्यानंतर सरकारलाही ‘हेच ते हत्यार’ असं छातीठोकपणे म्हणता आलं नाही.

विज्ञानाच्या मर्यादाही ध्यानात घ्या. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणी १९०१ मध्ये आली, रक्तगटही त्याच सुमाराला कळले. बोटांच्या ठशांवरून खून उघड झाल्याचं अर्जेंटिनातलं पहिलं गाजलेलं प्रकरण १८९२ चंच आहे, पण फॉल रिव्हरमध्ये ते तंत्र पोचलेलं नव्हतं. आज नागपूरच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट यायला वेळ लागतो म्हणून आम्ही कुरकुरतो. त्या ज्यूरीसमोर असा रिपोर्ट असण्याची शक्यताच नव्हती.

मग उरला तिचा जबाब आणि विष. इथे तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून थोडं थांबतो, कारण हा भाग पुढे तुमच्या कामाचा आहे.

खुनानंतर ९ ते ११ ऑगस्टला मृत्यूचौकशीत लिझीला शपथेवर प्रश्न विचारले गेले. तिच्या वकिलाला आत बसू दिलं नाही. डॉक्टरांनी तिला मॉर्फिन सुरू केलेलं होतं. तिची उत्तरं खरोखर गोंधळाची आहेत: वडील परतले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती की जिन्यावर, हे एकेका पानावर बदलतं. खुनाच्या वेळी ती कोठाराच्या माळ्यावर मासेमारीच्या गळासाठी शिशाचे तुकडे शोधत, नासपती खात होती म्हणे, त्या ऑगस्टच्या उकाड्यात. सरकारसाठी हा जबाब सोन्यासारखा होता. पण तिच्या अटकेचं वॉरंट ८ तारखेलाच निघालं होतं. पोलीसप्रमुखांनी ते खिशात ठेवून आधी तिला शपथेवर बोलतं केलं. कोर्टाने ठरवलं की ती प्रत्यक्षात अटकेतच होती, मग तो जबाब स्वेच्छेचा नाही, ज्यूरीपुढे जाणार नाही. मला हा आदेश पूर्ण योग्य वाटतो. आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) खाली आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि २२(१) खाली वकिलाचा हक्क आहे. वॉरंट खिशात ठेवून घेतलेला शपथेवरचा जबाब आपल्याही कोर्टात टिकला नसता.

विषाचं मात्र वेगळं. औषधाच्या दुकानातला एली बेन्स सांगणार होता की ३ ऑगस्टला लिझीने प्रुसिक ॲसिड मागितलं, सीलच्या कातड्याचा केप साफ करायचा म्हणून, आणि त्याने दिलं नाही. त्याच दिवसांत घरातल्यांना उलट्या होत होत्या, ॲबी डॉक्टरकडे जाऊन कुणीतरी विष घालतंय असं म्हणाली होती. कोर्टाने हा पुरावा वगळला: खून कुऱ्हाडीने झाला, विष मिळालंच नाही, संबंध दूरचा. माझ्या मते आपल्याकडचे न्यायाधीश हे आत येऊ देतील. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ८ मध्ये, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६ मध्ये, तयारी आणि आधीचं वर्तन सुसंगत धरलेलं आहे. आदल्या दिवशी विष शोधणं हे मारण्याचा विचार दाखवतं का, हा वजनाचा प्रश्न. पण दाराबाहेर ठेवण्याइतकं ते क्षुल्लक नाही. म्हणून एक निर्णय बरोबर, दुसऱ्याबद्दल मला शंका आहे. या दोन आदेशांनी खटल्याचा नूर पालटला हे खरंच.

‘आपल्याकडे असती तर?’ याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, पण हवेत नाही. परिस्थितिजन्य पुराव्यावरचा आपला पायाभूत निकाल नागपूरचाच आहे, हे इथल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९५२. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी, आरोपी अबकारी खात्याचे वरिष्ठ अधिकारी, विषय सिवनीच्या डिस्टिलरीच्या टेंडरमधल्या फेरफाराचा. खालच्या कोर्टांनी दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि सांगितलं: प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध व्हावी, सगळ्या मिळून फक्त दोषाकडेच बोट दाखवाव्यात, साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपी निरपराध असण्याला वाजवी वाव राहू नये. १९८४ च्या शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात याचीच पाच तत्त्वं, ‘पंचशील’, मांडली गेली. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी लिझीच्या बाबतीत निर्णायक ठरते: आरोपीचं खोटं स्पष्टीकरण हे आधीच पूर्ण झालेल्या साखळीला जास्तीचा दुवा म्हणून चालतं, तुटलेली साखळी सांधायला चालत नाही. चिठ्ठी खोटी, कोठार खोटं असं धरलं तरी त्यातून खून सिद्ध होत नाही.

सरकारी वकील मात्र इथे जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०६ काढतील, आताच्या साक्ष्य अधिनियमाचं १०९. घराच्या चार भिंतीत झालेल्या खुनाबद्दल घरात असलेल्याने काही सांगायला हवं, असं २००६ च्या त्रिमुख मारोती किरकन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. खटल्यात मी समोर असतो तर मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली असती. पण त्याआधी सरकारला पाया घालावा लागतो: त्या वेळी घरात दुसरं कुणी नव्हतं आणि येऊही शकत नव्हतं. ब्रिजेट खिडक्या धुताना बाजूच्या जाळीच्या दाराची कडी काढलेली होती, ती काही वेळ कुंपणापाशी शेजारच्या मोलकरणीशी बोलत होती. आणि ब्रिजेट स्वतः घरात होतीच. जिथे घरात दोघी आणि दार उघडं, तिथे १०९ चा भार एकीवर टाकता येत नाही.

कोठाराबद्दल तर बचाव पक्षाने सुंदर काम केलं. पोलीस मेडली म्हणाला, माळ्यावर धुळीत पावलं नव्हती, म्हणजे लिझी गेलीच नाही. बचावाने दोन पोरं आणली, जी म्हणाली की आम्ही त्याच्याआधीच वर जाऊन आलो होतो. म्हणजे धुळीची साक्ष तरी खोटी किंवा पोरं तरी. संशय पेरला गेला. मग आईस्क्रीम विकणारा लुबिन्स्की आला. अकराच्या पुढे-मागे गाडीवरून जाताना एक बाई कोठाराकडून घराकडे चालत येताना पाहिली म्हणाला, आणि ती मोलकरीण नव्हती, तिला तो ओळखत होता. एका फेरीवाल्याची साधी साक्ष, पण तिने कोठाराची गोष्ट निखालस थाप ठरू दिली नाही.

आणखी एक फरक नीट समजून घ्या. लिझीने साक्ष दिली नाही. शेवटी उभी राहून एवढंच म्हणाली की मी निर्दोष आहे, बाकी माझे वकील बोलतील. आपल्याकडे तिला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ चा, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) ३५१ चा टप्पा ओलांडावा लागला असता. न्यायाधीश स्वतः विचारतात: चिठ्ठी आली म्हणता, कुणी आणली? उत्तर शपथेवर नसतं, गप्प राहायचीही मुभा असते, पण ते नोंदीवर येतं. माझ्या पक्षकारांशी या टप्प्याची तयारी मी सगळ्यात शांतपणे करतो, कारण इथे एक अनावश्यक वाक्य खटला बदलतं. लिझीला तो प्रश्न उघड कोर्टात कधीच विचारला गेला नाही.

आणि ज्यूरी कारण देत नाही. बारा पुरुष, कारण बायका त्या काळी ज्यूरीत नसत. समोर रविवारच्या शाळेत शिकवणारी, चर्चची, मद्यनिषेध चळवळीतली ३२ वर्षांची बाई. शिक्षा झाली तर फाशी. बचावाचे रॉबिन्सन हे राज्याचे माजी गव्हर्नर, आणि तीन न्यायाधीशांपैकी ड्युई यांना त्यांनीच नेमलेलं. त्याच ड्युईंनी ज्यूरीला केलेला उपदेश आरोपीकडे उघड झुकलेला होता. रॉबिन्सन यांनी ज्यूरीला विचारलं की तिला दोषी धरायचं तर ती राक्षसीण आहे असं मानावं लागेल, ती तशी दिसते का? हा युक्तिवाद मला मनापासून आवडत नाही. दिसण्यावर सोडणारं कोर्ट उद्या दिसण्यावर अडकवतं. गरीब, परकी, गिरणीतली बाई त्या पिंजऱ्यात असती तर दीड तासात सुटली असती का, मला वाटत नाही. आपल्याकडे सत्र न्यायाधीशाला निकालाची कारणं लिहावी लागतात आणि निर्दोष मुक्ततेविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात येऊ शकतं. तिथे २० जून १८९३ च्या निकालाने विषय कायमचा संपला. नवा पुरावा आला असता तरी तिच्यावर पुन्हा खटला झाला नसता.

तर माझा अंदाज: नागपूरच्या सत्र न्यायालयात, विषाचा पुरावा आत आला आणि ३५१ खाली तिचं उत्तर लंगडं पडलं, तर शिक्षा होऊ शकली असती. ती खंडपीठात अपिलात टिकली नसती. हत्यार सिद्ध नाही, रक्त नाही, कपडे नाहीत, घर बंद असल्याचा पाया नाही. स्वतः नोल्टन यांनीही खटल्याआधी महाधिवक्त्यांना लिहिलं होतं की दोषी निकालाची फारशी अपेक्षा करता येत नाही, पण खटला चालवावा लागेल. ते प्रामाणिक होते. त्यांना आपल्या कागदांची ताकद ठाऊक होती.

तिनेच केलं का? मी न्यायाधीश असतो तर सोडलं असतं, आणि झोपही लागली असती. पण तुम्ही वाचक म्हणून विचारता तर सांगतो, दीड तासाचं अंतर आणि ती चिठ्ठी, या दोन गोष्टींपुढे मला दुसरं कुठलंही नाव उभं राहताना दिसत नाही. मामा मोर्सचा त्या सकाळचा सगळा ठावठिकाणा साक्षीदारांनी सांगितला. ब्रिजेटला संधी होती, हेतू नव्हता. उलट तिची साक्षच लिझीच्या विरोधात जाणारी. बाहेरचा वेडा, अनौरस मुलगा, वगैरे कथा नंतर पुष्कळ झाल्या. खटल्याच्या तोंडावर, मे १८९३ अखेर, गावात आणखी एक बाई कुऱ्हाडीने मारली गेली आणि ज्यूरीच्या मनावर त्याची सावली पडली असणार. पण त्यात पकडलेला माणूस बोर्डेन खुनांच्या वेळी फॉल रिव्हर परिसरात नव्हता असं निघालं. लिझीने हे एकटीने केलं की एमाला ठाऊक होतं, यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. दोघी बहिणी पुढे चांगल्या वस्तीत मोठं घर घेऊन राहिल्या, १९०५ मध्ये एमा घर सोडून गेली, आणि १९२७ च्या जूनमध्ये दोघी नऊ दिवसांच्या अंतराने वारल्या. गावाने लिझीला शेवटपर्यंत जवळ केलं नाही.

तुम्हाला यावर अभ्यास करायचा असेल तर गोष्टीची पुस्तकं बाजूला ठेवा. खटल्याच्या साक्षींची नोंद आणि मृत्यूचौकशीतला लिझीचा जबाब दोन्ही छापलेले आहेत. आधी ब्रिजेटची साक्ष वाचा, मग घराचा नकाशा काढा, आणि सकाळी नऊ ते सव्वाअकरापर्यंत कोण कुठे होतं हे पाच-पाच मिनिटांच्या रकान्यांत मांडा. जिथे रकाना रिकामा राहतो तिथे साक्षीदाराचं नाव न लिहिता रिकामाच ठेवा. त्यानंतर फक्त ज्यूरीसमोर आलेल्या पुराव्यावर, हनुमंत आणि सारडा लावून, दोन पानी निकाल लिहा. मग वगळलेला जबाब आणि विष धरून दुसरा लिहा. रॉबिन्सन यांच्या वकिली फर्मने लिझीची फाईल पक्षकाराच्या गोपनीयतेखातर अजून उघडलेली नाही, तेव्हा तिची वाट पाहत बसू नका. दोन्ही निकाल लिहून झाले की पाठवा, मी वाचेन.